लिटल कॅरिब : वुडब्रुकमधल्या एका नाट्यगृहाची वाटचाल

१९४८ साली त्रिनिदादमध्ये शाउटर बाप्टिस्ट पंथाच्या माणसांनी एकत्र जमून, घंटा वाजवून, मोठ्याने गात प्रार्थना करणे हा गुन्हा होता. १९१७ सालचा तो बंदीहुकूम अजून रद्द झाला नव्हता. ढोलावरचा सरकारी राग त्याहूनही जुना. १८८१ च्या कार्निव्हलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर मशाली आणि लाठ्या घेऊन निघालेल्या लोकांची पोलिसांशी मोठी चकमक झडली आणि त्यानंतर, १८८४ मध्ये, ब्रिटिश सरकारने ढोल वाजवण्यावरच निर्बंध आणले. लोकांनी मग बांबूचे कमी-अधिक लांबीचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. त्याला टॅम्बू-बांबू म्हणत. पुढे बिस्किटांचे डबे आले, कचऱ्याच्या डब्यांची झाकणे आली आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपे आली. नुसता ताल धरायला जिथे माणसांना एवढा आटापिटा करावा लागला, त्याच बेटावर १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये एक छोटेसे नाट्यगृह उघडले आणि तिथे ढोलाला मानाची जागा मिळाली. त्याचे नाव लिटल कॅरिब थिएटर.

हे नाट्यगृह उभे केले बेरिल मॅकबर्नी यांनी. त्यांचा जन्म पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागातलाच. शाळेत त्यांच्या पिढीच्या मुलींना स्कॉटिश रील, जिग आणि इंग्लंडमधली लोकगीते शिकवली जात. घराबाहेर, गावोगावी, बेले, बाँगो, कलिंदा हे नाच चालू असत; पण 'चांगल्या घरातल्या' मुलीने तिकडे फिरकायचे नाही असा दंडक होता. बेरिलबाई फिरकल्या. शिक्षिकेचे प्रशिक्षण घेत असतानाच त्या लोकसंस्कृतीचे अभ्यासक अँड्र्यू कार यांच्याबरोबर खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या आणि जुन्या जाणत्या नर्तकांकडून पावले, गाणी, ढोलाचे बोल शिकू लागल्या. कार यांचे काम सांगायचे तर त्रिनिदादमधल्या राडा पंथाच्या वस्तीवरचा त्यांचा लेख आजही अभ्यासक वाचतात. बेरिल यांच्या या फिरस्तीतून पुढचे सगळे उभे राहिले.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस बेरिल न्यूयॉर्कला गेल्या. कोलंबिया विद्यापीठात शिकल्या, मार्था ग्रॅहम यांच्याकडे आधुनिक नृत्याचे धडे घेतले. १९४० मध्ये मायदेशी येऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या एम्पायर थिएटरमध्ये 'अ ट्रिप थ्रू द ट्रॉपिक्स' हा कार्यक्रम केला आणि पुन्हा न्यूयॉर्क गाठले. तिथे 'ला बेल रोझेट' या नावाने त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. न्यू डान्स ग्रुप या संस्थेत त्यांनी कॅरिबियन नाच शिकवले आणि त्यांच्या वर्गात पर्ल प्रायमस नावाची तरुणी होती. प्रायमस यांचा जन्मही पोर्ट ऑफ स्पेनचाच, पण त्या लहान असतानाच कुटुंब अमेरिकेला गेले होते. स्वतःच्या बेटाचे नाच त्या न्यूयॉर्कमध्ये बेरिल यांच्याकडून शिकल्या. पुढे त्याच प्रायमस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नृत्याच्या इतिहासातले मोठे नाव झाल्या.

न्यूयॉर्कमध्ये नाव होत असताना बेरिल परत आल्या. १९४५ मध्ये त्या सरकारी शिक्षण खात्यात नृत्यशिक्षिका झाल्या. नोकरी होती, मुले शिकत होती. पण तालमीला जागा नव्हती. शहरातली मोठी सभागृहे भाड्याने मिळत, पण तिथे एका रात्रीचा प्रयोग करता येई; वर्षभर शिकवता, चुकता, पुन्हा बसवता येत नसे. त्यांना हवी होती आपली, कायमची जागा. ती वुडब्रुकमध्ये व्हाइट स्ट्रीट आणि रॉबर्ट्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभी राहिली.

त्या वेळी, १९४८ मध्ये, पॉल रोबसन त्रिनिदादच्या दौऱ्यावर होते. गायक, नट आणि वर्णभेदाविरुद्ध जगभर बोलणारा माणूस. लिटल कॅरिबची कोनशिला त्यांनी बसवली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, अमेरिकी सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. वुडब्रुकमधल्या एका छोट्या नाट्यगृहासाठी त्यांनी वेळ काढला ही घटना तेव्हा स्थानिक वाटली असेल, पण त्या काळच्या कॅरिबियन माणसाला तिचा अर्थ नीट कळत होता : आपल्या नाचगाण्याला बाहेरचा एक थोर कलावंत कला म्हणतो आहे.

वुडब्रुक ही वस्ती नीट समजून घेतल्याशिवाय लिटल कॅरिब समजणार नाही. मूळचा हा उसाचा मळा. अँगोस्तुरा बिटर्स बनवणाऱ्या झीगर्ट कुटुंबाकडे तो होता आणि १९११ मध्ये तो नगरपालिकेकडे गेला. कितीतरी रस्त्यांना झीगर्ट घरातल्या माणसांची नावे आहेत : कार्लोस, लुइस, आल्फ्रेडो, रोझालिनो. इथे शिक्षक, कारकून, छोटे व्यापारी राहत. नक्षीदार लाकडी झालरी लावलेली बैठी घरे. व्ही. एस. नायपॉल यांचे बालपण काही काळ याच लुइस स्ट्रीटवर गेले आणि त्यांच्या 'मिगेल स्ट्रीट' या पुस्तकातली गल्ली तिथूनच आली. वस्तीच्या उत्तर टोकाला, ट्रागारेट रोडवर, क्वीन्स पार्क ओव्हल. मराठी वाचकाला हे मैदान परके नाही. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला तो इथेच. सुनील गावसकर यांचे पदार्पण त्याच सामन्यातले. त्याच दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत याच मैदानावर गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या आणि लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणे रचले. खेळ, गाणे आणि नाच हे त्या वस्तीत वेगवेगळ्या खोल्यांत राहत नव्हते.

ओव्हलच्या समोरच, रस्त्यापलीकडे, विलायती फणसाच्या झाडाखाली पोरांचे एक टोळके पिंपे ठोकत बसे. आधी त्यांना 'ओव्हल बॉइज' म्हणत. पुढे एका युद्धपटाच्या नावावरून ते 'इनव्हेडर्स' झाले. त्यांचा म्होरक्या एली मॅनेट. पिंपापासून घडवलेले हे वाद्य म्हणजे पॅन; तो कसा घडतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. तेलाच्या पिंपाचा तळ वर करून घ्यायचा आणि जड हातोड्याने तो हळूहळू आत दाबत वाटीसारखा खोल करायचा. मग स्वरांच्या जागा आखायच्या, छिन्नीने त्यांच्या कडा कोरायच्या. खालचा घेर हव्या त्या उंचीवर कापायचा. पिंप आगीवर तापवायचे. नंतर छोट्या हातोडीने, एकेका स्वराला खालून-वरून ठोकत, कान लावून, तो सुरात आणायचा. पत्रा आत दाबण्याची, म्हणजे पृष्ठभाग खोलगट करण्याची ही युक्ती रूढ करण्याचे श्रेय मॅनेट यांना दिले जाते. त्याआधीचे पॅन वरून फुगीर असत आणि त्यांवर मोजकेच स्वर बसत.

या पोरांना शहर गुंड म्हणे. ते अगदीच निराधार नव्हते : १९५० च्या कार्निव्हलमध्ये इनव्हेडर्स आणि टोकियो या दोन स्टीलबँडमध्ये, म्हणजे पॅन वाजवणाऱ्या ताफ्यांमध्ये, झालेली मारामारी इतकी गाजली की नंतर तिच्यावरही कॅलिप्सो झाला. 'चांगल्या' घरातल्या मुलांना पॅनयार्डच्या, म्हणजे बँडच्या तालमीच्या अंगणाच्या, जवळ जाण्याची बंदी असे. बेरिल मॅकबर्नी यांनी याच इनव्हेडर्सना आपल्या रंगमंचावर आणले. रस्त्यावर ज्यांना पाहून दारे लावली जात, त्यांचे वाजवणे ऐकायला तीच माणसे तिकीट काढून खुर्च्यांवर बसू लागली. त्या काळात स्टीलबँडची बाजू घेणारे वकील, पाद्री, राजकारणी आणखीही होते आणि १९४९ मध्ये सरकारने या प्रश्नावर एक समितीही नेमली. पण समिती अहवाल देते. लिटल कॅरिबने वादकांना रंगमंच दिला, आणि अहवालापेक्षा तो अधिक कामी आला असे म्हणायला हरकत नाही. १९५१ मध्ये त्रिनिदाद ऑल स्टील पर्कशन ऑर्केस्ट्रा 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी लंडनला गेला, त्यात एली मॅनेट होते. त्याच वर्षी मार्चच्या ३० तारखेला शाउटर बाप्टिस्टांवरची बंदीही उठली.

रंगमंचावर नेमके काय होत असे? बेलेचेच उदाहरण घेऊ. ढोलवादक आपल्या ढोलाशी बसतो आणि तळहातांनी वाजवतो. नर्तकीचा घागरा लांब, घेरदार, आतून लेसचा परकर. खांद्यावर दुमडलेला रुमाल. डोक्याला चौकड्यांचे कापड गुंडाळलेले. या कापडाला तिथे आजही मद्रास म्हणतात, कारण मुळात ते आपल्या मद्रासेतून बोटीने कॅरिबियनमध्ये पोचले. ती घागऱ्याची दोन्ही टोके बोटांत धरून पंखांसारखी उचलते, पाठ ताठ ठेवते, पावले मात्र जमिनीलगत चालतात. वरचा तोरा फ्रेंच जमीनदारिणीच्या दिवाणखान्यातला, खालचा ताल आफ्रिकेतला. ती ढोलासमोर येते, ढोलवादकाला आव्हान देते. तो बोल बदलतो, ती पाऊल बदलते. हा संवाद गावच्या अंगणात जसा होई तसाच ठेवायचा, की रंगमंचासाठी बांधून घ्यायचा? बेरिल यांनी बांधून घेतला. पावले अस्सल ठेवली. पण प्रवेश, रचना, प्रकाश, वेळ यांना रंगभूमीची शिस्त लावली. 'कार्निव्हल बेले', 'टॉकिंग ड्रम्स', 'शुगर बॅले' ही त्यांच्या रचनांची नावेच सांगतात की कच्चा माल कुठला होता : कार्निव्हल, ढोल आणि ऊस.

बाँगोची गोष्ट वेगळी. तो मयताच्या घरी रात्र जागवताना नाचायचा नाच. पुरुष समोरासमोर येऊन पाय झपाट्याने एकमेकांवरून टाकतात. कलिंदा म्हणजे लाठीचा खेळ, त्याला गाणारा आणि ढोलाची साथ. शांगो तर उपासनेतला नाच, अंगात येण्याशी जोडलेला. हे तिकीट लावून दाखवावे का, यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येऊ शकतात. उपासक म्हणेल हे देवाचे आहे. गावचा नर्तक म्हणेल तुम्ही माझे पाऊल सफाईदार करून टाकले. हे आक्षेप खोटे नाहीत. पण १९४८ च्या त्रिनिदादमध्ये, जिथे शाळेत स्कॉटिश रील शिकवत होते, तिथे दुसरा पर्याय हा नाच न दिसण्याचाच होता. म्हणून त्या काळापुरता तरी बेरिल यांचा निर्णय योग्य होता.

आणि तो नुसता त्रिनिदादपुरता राहिला नाही. १९५२ मध्ये पोर्तो रिकोत झालेल्या कॅरिबियन महोत्सवात लिटल कॅरिबचे नर्तक गेले, १९५५ मध्ये जमैकात गेले. ब्रिटिश, फ्रेंच, स्पॅनिश, डच अशा निरनिराळ्या सत्तांनी वाटून घेतलेल्या या बेटांना एकमेकांचे फारसे काही ठाऊक नसे. जहाजे लंडन-पॅरिसकडे जात, शेजारच्या बेटाकडे कमी. शेजारचे लोक आपल्यासारखेच नाचतात हे अशा प्रवासांतून कळू लागले. १९५८ मध्ये वेस्ट इंडीज फेडरेशन स्थापन झाले आणि पोर्ट ऑफ स्पेन त्याची राजधानी ठरली. त्या निमित्ताने झालेल्या कला महोत्सवात एका तरुण सेंट लुशियन कवीचे 'ड्रम्स अँड कलर्स' हे भव्य नाटक सादर झाले. कवीचे नाव डेरेक वॉलकॉट.

वॉलकॉट त्याच सुमारास रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तिथली रंगभूमी पाहिली आणि परत आले ते एक गोष्ट मनात पक्की करून : आपल्याकडच्या नटांना आपले शरीर वापरता आले पाहिजे, नर्तकांसारखे. असे नर्तक एकाच ठिकाणी तयार होत होते. १९५९ मध्ये त्यांनी लिटल कॅरिबमध्येच नाट्य कार्यशाळा सुरू केली; नावही लिटल कॅरिब थिएटर वर्कशॉप. दिवसभर नोकरी करणारी माणसे संध्याकाळी तिथे येत. एरल जोन्स, स्लेड हॉपकिन्सन, स्टॅन्ली मार्शल अशी नटमंडळी जमली. प्रयोगाची घाई नव्हती. उत्स्फूर्त अभिनय, एखादा प्रवेश घेऊन त्यावर महिनोन्महिने काम. वॉलकॉट यांच्या 'टी-जाँ अँड हिज ब्रदर्स' या नाटकाचा प्रयोग याच रंगमंचावर झाला होता. गोष्ट सांगणारे बेडूक-किडे, सैतान, तीन भाऊ आणि गाणी यांचे ते लोककथेतून आलेले नाटक आजही कॅरिबियन शाळांत बसवले जाते.

साताठ वर्षांत दोघांचे फाटले. बेरिल यांच्या दृष्टीने ते नृत्याचे घर होते आणि त्यांनी एकहाती उभे केलेले. वॉलकॉट यांना स्वतःच्या नाट्यसंचाला हक्काचे वेळापत्रक हवे होते. तालमींच्या वेळा, जागा, कुणाचा शब्द शेवटचा : भांडण अशाच गोष्टींवरून होते. इमारतही थकली होती आणि साठच्या दशकात ती नव्याने बांधायला घ्यावी लागली. वॉलकॉट यांचा संच बाहेर पडला, ब्रेटन हॉल हॉटेलच्या तळघरात 'बेसमेंट थिएटर' म्हणून बसला आणि त्रिनिदाद थिएटर वर्कशॉप या नावाने प्रसिद्ध झाला. 'ड्रीम ऑन मंकी माउंटन' १९६७ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा झाले आणि न्यूयॉर्कमधल्या प्रयोगाला १९७१ मध्ये ओबी पुरस्कार मिळाला. १९९२ च्या नोबेलनंतर वॉलकॉट यांच्या नाट्यकार्याचा इतिहास अनेकांनी लिहिला, आणि त्यात लिटल कॅरिब हे बहुधा पहिल्या प्रकरणातले एक ठिकाण म्हणून येते. हा अन्याय आहे. वॉलकॉट आले तेव्हा तिथे अकरा वर्षे पाय थिरकत होते. नट कुठे घडवावा हा प्रश्न त्यांना पडण्याआधी कुणीतरी त्याचे उत्तर बांधून ठेवले होते.

दोन मोठ्या माणसांच्या भांडणातून संस्था मोडते किंवा एकाची खासगी मालमत्ता होते. इथे तसे झाले नाही, हे लिटल कॅरिबचे खरे बळ. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये वॉलकॉट यांचा संच परत याच जागेत आला, 'द जोकर ऑफ सेव्हिल' घेऊन. तिर्सो द मोलिना यांच्या सतराव्या शतकातल्या डॉन ह्वानच्या नाटकावर ते बेतलेले. रॉयल शेक्सपिअर कंपनीने ते लिहवून घेतले होते, पण पहिला प्रयोग झाला वुडब्रुकमध्ये. 'हेअर'चे संगीतकार गॉल्ट मॅकडरमॉट यांनी संगीत दिले. रचना लाठीच्या आखाड्यासारखी, प्रेक्षक भोवती. स्पॅनिश सरदारांची तलवारबाजी आणि कलिंदाची लाठी एकाच रिंगणात. १९७६ मध्ये 'ओ बॅबिलॉन!', १९७८ मध्ये अल्बर्ट लव्हो यांनी बसवलेले 'पँटोमाइम', १९८१ मध्ये 'बीफ, नो चिकन' : वॉलकॉट यांच्या या नाटकांचे पहिले प्रयोग इथलेच. 'पँटोमाइम'ला फक्त दोन पात्रे लागतात, एक इंग्रज हॉटेलमालक आणि त्याचा कृष्णवर्णीय नोकर; रॉबिन्सन क्रूसो आणि फ्रायडे यांची अदलाबदल. प्रेक्षक अगदी जवळ असलेल्या छोट्या नाट्यगृहात त्या दोघांची झटापट जशी अंगावर येते तशी मोठ्या सभागृहात येत नाही.

याच काळात हेलन कॅम्प्स यांनी लिटल कॅरिबमध्ये कार्निव्हलच्या पात्रांवर नाटक बेतण्याचे प्रयोग केले. १९८१ मधले 'किंग जॅब जॅब' त्यातले महत्त्वाचे. चाबूक घेतलेला जॅब जॅब, मध्यरात्रीचा लुटारू, मोको जंबी या रस्त्यावरच्या सोंगांना संवाद आणि कथानक मिळाले. पुढे कॅम्प्स यांनी स्वतःचे तंबू नाट्यगृह काढले. इथे शिकायचे, मतभेद झाले की बाहेर जाऊन नवे काढायचे, ही लिटल कॅरिबची जणू रीतच पडली, आणि त्यातून बेटावरच्या संस्था वाढत गेल्या.

शिष्यांचे जाळे तर त्याहून दूर पसरले. पर्सिव्हल बोर्ड इथले प्रमुख नर्तक. पर्ल प्रायमस १९५३ मध्ये त्रिनिदादला आल्या तेव्हा दोघांची गाठ पडली. पुढे लग्न झाले आणि आफ्रिका-अमेरिकेत दोघांनी मिळून काम केले. गुरूने न्यूयॉर्कला शिकवलेली शिष्या आणि गुरूच्या वुडब्रुकमधला नर्तक असे हे जोडपे. जेफ हेन्री कॅनडाला गेले आणि तिथल्या नॅशनल थिएटर स्कूलमध्ये व यॉर्क विद्यापीठात शिकवू लागले. मॉली आहाय यांनी नाचणे सोडले नाही आणि लेखणीही हाती घेतली. १९८३ मध्ये आलेले त्यांचे 'क्रेडल ऑफ कॅरिबियन डान्स' हे बेरिल आणि लिटल कॅरिब यांच्यावरचे पुस्तक नसते तर या इतिहासातले बरेचसे विरून गेले असते. नृत्य करून झाल्यावर ते उरते प्रेक्षकाच्या आठवणीत. कागदावर उतरवून ठेवणारा शिष्य मिळणे हे संस्थेचे भाग्य.

१९६२ च्या स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हा मार्ग धरला. १९६३ मध्ये पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्या पुढाकाराने 'बेस्ट व्हिलेज' स्पर्धा सुरू झाली. गावागावांतले संच बेले, बाँगो, लिंबो घेऊन स्पर्धेला उतरू लागले. लिटल कॅरिब तोवर पंधरा वर्षांचे झाले होते. १९४५ मध्ये जी शिक्षिका एकटी खेड्यांतून पावले गोळा करून शहरात आणत होती, तिच्यानंतर दोन दशकांच्या आत खेडी स्वतःच आपली पावले घेऊन राजधानीत येत होती.

बेरिल यांना मानसन्मान मिळाले : १९५९ मध्ये ओबीई, १९६९ मध्ये हमिंगबर्ड सुवर्णपदक, १९८९ मध्ये त्रिनिदादचा तेव्हाचा सर्वोच्च सन्मान ट्रिनिटी क्रॉस. १९७८ मध्ये ॲल्विन एली यांच्या नृत्यसंस्थेच्या विसाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिघींचा सत्कार झाला : कॅथरीन डनहॅम, पर्ल प्रायमस आणि बेरिल मॅकबर्नी. शिष्या आणि गुरू एकाच सन्मानाच्या मानकरी. पैशाची ओढाताण मात्र कधी संपली नाही. नाट्यगृह लहान, म्हणून तिकिटांचे उत्पन्न लहान. इमारत जुनी, म्हणून दुरुस्ती मोठी. एका व्यक्तीच्या जिद्दीवर उभ्या राहिलेल्या संस्थेला तिच्यानंतरची घडी बसवायला वेळ लागतो. बेरिल ३० मार्च २००० रोजी गेल्या आणि हा प्रश्न समोर आला.

नाट्यगृह आजही व्हाइट आणि रॉबर्ट्स स्ट्रीटच्या त्याच कोपऱ्यावर आहे. भोवतालचे वुडब्रुक मात्र बदलले. झालरींची बरीच लाकडी घरे पाडली गेली, उरलेल्यांतल्या कित्येकांत कार्यालये थाटली. जवळची आरियापिटा ॲव्हेन्यू आता शहरातली खाण्यापिण्याची, रात्री जागणारी सडक आहे आणि तिथला चौरस फूट महागला आहे. नृत्याच्या, नाटकाच्या नव्या संचांना तालमीसाठी जागा शोधत फिरावे लागते, अगदी १९४५ मध्ये बेरिलबाईंना फिरावे लागले होते तसे. अशा वस्तीत एका कोपऱ्याची जमीन नाचासाठी आणि नाटकासाठी राखून ठेवलेली आहे. ती तशी राहावी म्हणून छप्पर, वीज, रंगमंचाच्या फळ्या आणि पगार यांची तरतूद दरवर्षी कुणाला तरी करावीच लागणार आहे.